आक्का, मी तुमची चूल फोडली

आक्का,

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. भेटायला येणारी माणसं अजून येतात. बायका पदर तोंडाला लावून ओसरीत बसतात, थोडं रडतात, चहा घेतात आणि उठताना एकच वाक्य बोलून जातात, "सुटली बिचारी. लई हाल झाले दम्यानं."

मी मान हलवते. पण दरवेळी वाटतं, या बाईला थांबवावं आणि सांगावं, की नाही हो, त्यांना सुटायचं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी सुटायचं होतं, तेव्हा आम्हाला कुणाला कळलं नाही. आता राहायचं होतं, तर गेल्या. पण हे चहाचा कप हातात असताना सांगण्यासारखं नाही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. शाळेतून आलेली परिपत्रकं तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावायचात आणि मध्येच म्हणायचात, "सरकार एवढं लांबवून का बोलतंय गं?" हेही मी मोठ्यानंच वाचते आहे असं समजा. लांबलं तर तसं म्हणायला मात्र आता कुणी नाही.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले, तेव्हा थोरली म्हणून तुमची नऊ वर्षं होऊन गेली होती. चौथ्याच महिन्यात मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणुकीचा कागद आला. शाळा अहमदपूरच्या पलीकडं, दोन गाड्या बदलून जायचं. सासूबाई म्हणाल्या, अकरा माणसांचं घर आहे, दोन सुना असून एकीनं रोज बाहेर जायचं म्हणजे कसं व्हायचं? मी दाराआड उभी होते. तुम्ही चुलीपुढून उठलाही नाहीत. फुंकणी बाजूला ठेवून म्हणालात, "भाकरीचं मी बघते. जाऊ द्या तिला. शिकलेली हाय, चुलीपुढं कशाला बसवताव?"

एवढंच. त्यावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही. दुसऱ्या सोमवारी तुम्ही माझ्या हातात डबा दिलात आणि म्हणालात, "पळ, येस्टी चुकंल." त्यानंतर चोवीस वर्षं रोज सकाळी तेच वाक्य. जावाजावांत कुणी कुणाचे आभार मानत नाही, म्हणून मीही मानले नाहीत. मला वाटलं, आपलं काय, जन्मभर एका घरात राहायचं आहे, कधीतरी बोलू.

खोकला कधी सुरू झाला ते मला आठवत नाही, याची आता लाज वाटते. तुम्ही खोकायचात हे घरातल्या भांड्यांच्या आवाजासारखं झालं होतं. गॅस आला तरी भाकर चुलीवरच व्हायची, कारण दादांना, तुमच्या मालकांना, गॅसवरची भाकर चालत नसे. तुराट्या, गवऱ्या, पावसाळ्यात ओली लाकडं. खिडकी एवढीशी. पुढं पुढं तुम्ही विहिरीवरून येताना मध्येच थांबायला लागलात, कमरेवर हात ठेवून, जणू शेजारणीशी बोलायलाच थांबलात. मग एका हिवाळ्यात ओठ निळे पडले आणि तुम्हाला जीपमध्ये घालून आम्ही लातूरला नेलं.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी एका नळीत फुंकायला लावलं, फोटो काढला आणि विचारलं, "बिडी ओढता का? मिश्री?"

"न्हाई बाई. कधीच न्हाई."

"चूल?"

"चूल तर हायच की," तुम्ही म्हणालात. अशा आवाजात, की हे काय विचारणं झालं.

डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांच्या धुरानं फुप्फुसं कायमची खराब झाली आहेत. हा दमा येतो-जातो तसला नाही. गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते टिकवता येईल. पंप रोज घ्यायचा आणि धूर पूर्ण बंद.

तुम्ही आठ दिवस दवाखान्यात होता. त्यातल्या तिसऱ्या दिवशी मी गावी आले, गवंड्याला बोलावलं आणि चूल फोडून घेतली. तिथं फरशी बसवली, गॅसचा ओटा लावला. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. तुम्ही घरी आलात, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलात, फरशीकडं पाहिलंत आणि बैठकीतल्या खाटेवर जाऊन बसलात. मला वाटलं, थकल्या असतील.

त्यानंतर आम्ही तुम्हाला काही म्हणता काही करू दिलं नाही. भाजी निवडायला घेतली की मी परात काढून घ्यायची. अंगण झाडायला उठलात की दादा ओरडायचे. रेखाला, तुमच्या लेकीला, मी मुखेडला फोन करून अभिमानानं सांगायचे, "तुझ्या आईला आम्ही काडी उचलू देत नाही." सगळी माया होती, आक्का. त्या मायेनंच आम्ही तुम्हाला खाटेला बांधून टाकलं.

हळूहळू तुम्ही वेणी घालायचं सोडलंत. रेखाचा फोन आला की डोळे मिटून पडायचात. ताटातली अर्धी भाकर तशीच. दिवसा नुसतं पडून आणि दम लागेल या भीतीनं अंग ताठ. घाबरं व्हायला लागलं की मला म्हणायचात, "झोपंची गोळी दे, नाईतर मरंल मी." मी अहमदपूरहून जुनी चिठ्ठी दाखवून झोपेच्या गोळ्या आणायचे. दादा म्हणायचे, दम्याचं माणूस असंच असतंय. मलाही ते पटलं होतं. शाळेत पोरगं दोन दिवस गप्प बसलं तर मी त्याच्या घरी जाते. तुम्ही पाच महिने गप्प होता आणि मी तुमच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून शाळेला जात होते.

तो रविवार होता. महिना संपत आला म्हणून नवा पंप आणायला मी जुना उचलला. त्याच्या पाठीला बारीक खिडकी असते, तिच्यात किती फवारे उरले तो आकडा दिसतो. आकडा होता एकशे नऊ. एवढ्या दिवसांत तो पंप जवळजवळ रिकामा व्हायला हवा होता. मला वाटलं, यंत्रच बिघडलं. मी एक फवारा हवेत सोडला. आकडा एकशे आठ झाला.

मी खाटेशेजारी बसले. "आक्का, पंप घेता ना?"

"घेते की."

"मग हा आकडा?"

तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. बोललात ते दोन-दोन शब्दांनी थांबत. "कशाला घ्यायचा? दम घेऊन... करायचं काय मला?"

खरं सांगते, तेव्हा मला दया आली नाही. राग आला. मी एवढी धावपळ करते, चूल काढली, औषधं आणते, आणि तुम्ही घेतच नाही? मी बोललेही तसं. "आमच्या जिवाला घोर लावून तुम्हाला काय मिळतं?" तुम्ही डोळे मिटलेत. त्या वाक्याची माफी मी तुमच्याकडं कधी मागितली नाही. आज मागते.

राग उतरला तो भीतीवर. कारण त्या आकड्यावरून माझ्या लक्षात आलं, की हे आळसानं झालेलं नाही. सकाळ-संध्याकाळ, रोज, तुम्ही पंप हातात घेऊन परत ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तुम्हाला लातूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पंपाचा आकडा पाहिला. रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पंप टेबलावर ठेवला आणि खुर्ची तुमच्याजवळ ओढली.

"मावशी, उदास वाटतं का?"

"न्हाई."

"रडू येतं?"

"न्हाई."

"बरं. मन कशात लागतं तुमचं?"

तुम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलंत. "मन? मन लागंना बाई कशातच. जीव लई बेजार झालाय."

"मेलेलं बरं, असं मनात येतं का?"

मी उठलेच. असं कुणी आजारी माणसाला तोंडावर विचारतं का? "मॅडम, अहो..." डॉक्टरीणबाईंनी मला हातानं थांबवलं. तुम्ही शांतपणे, मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं, म्हणालात, "हाव. रोज येतंय."

"कुणाला सांगितलं का?"

"कुणी इचारलंच न्हाई."

आक्का, ते तीन शब्द मी विसरू शकत नाही. घरात आठ माणसं. त्यात एक मास्तरीण, जिचं अर्धं आयुष्य प्रश्न विचारण्यात गेलं.

डॉक्टरीणबाईंनी मग सगळं समजावून सांगितलं, आणि तुमच्याशी बोलत सांगितलं, माझ्याशी नाही. फुप्फुसाच्या अशा आजारात मन खचणं नेहमीचंच आहे. दम लागतो म्हणून माणूस भितो. भीतीनं श्वास आणखी भरभर आणि वरवर होतो, म्हणजे आणखी दम. मग दमाच्या भीतीनं माणूस हलायचंच सोडून देतो. हललं नाही की पायातली ताकद जाते आणि दोन पावलांतच धाप लागते. "आम्ही छाती तपासतो आणि मनाचं विचारायचं राहून जातं," त्या म्हणाल्या. "पण मावशी, तुमच्या मनाचा आजार बरा केल्याशिवाय माझं औषध तुमच्या छातीपर्यंत पोचणारच नाही. दोन्हींचं बरोबरच करावं लागेल." मग झोपेच्या गोळ्यांचं निघालं आणि त्यांचा आवाज बदलला. अशा फुप्फुसांना त्या गोळ्या धोक्याच्या, त्यांनी श्वास आणखी मंद होतो. हळूहळू कमी करत त्यांनी त्या बंद करायला लावल्या. मी मान खाली घालून बसले होते. त्या मीच आणत होते.

मनाच्या डॉक्टरांकडं जायचं म्हटल्यावर घरात गदारोळ झाला. "येड्याच्या डॉक्टराकडं?" दादा म्हणाले. "आपल्या घरात आजवर कुणी येडं झालंय का?" दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "न्यायचंच असंल तर नांदेडला न्या. लातुरात निम्मे पाहुणे हायत आपले."

नांदेडचे डॉक्टर तरुण होते, रेखापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे असतील. त्यांनी गोळी लिहून दिली. म्हणाले, आज घेतली आणि उद्या बरं वाटलं असं होणार नाही, महिना-दीड महिना लागेल. सुरुवातीला मळमळेल. ही झोपेची गोळी नाही, हिनं श्वास अडत नाही. मध्येच सोडायची मात्र नाही. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मावशी, घरात तुमचं काम कोणतं?"

"माझं काम?" तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "माझं काम हिनं फोडून टाकलं."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी तुमचा जीव वाचवायला चूल फोडली होती आणि तुम्ही परक्या माणसासमोर मला गुन्हेगार करून टाकलंत. येताना एसटीत आपण शेजारी बसलो होतो. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली, लोक उतरले, तेव्हा मला राहवलं नाही.

"चूल काढली म्हणून एवढा राग आहे का माझ्यावर?"

"चुलीचा न्हाई." तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. "मला इचारलं न्हाईस, त्येचा."

"डॉक्टरच म्हणाल्या ना, धूर नको म्हणून."

"धूर नको म्हणल्या. मी नको, असं म्हणल्या व्हत्या का?"

गाडी सुटली. मी रडत होते आणि तुम्ही पदरानं माझं नाक पुसायला लागलात, पोराचं पुसतात तसं. "रडू नको. लोक बघायलेत."

मग आपण दोघींनी मिळून स्वयंपाकघर पुन्हा लावलं. यावेळी तुम्ही सांगायचं आणि मी करायचं. खिडकी मोठी केली. गॅस ओट्यावरून खाली, एका बुटक्या टेबलावर घेतला. तुम्हाला पाठ टेकायला खुर्ची. लातूरला श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं, की नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूच सोडायचा, दिव्याची ज्योत हलेल पण विझणार नाही इतका हळू. तुम्ही तो श्वास भाकरीला लावलात. थापताना सोडायचा, पीठ लावताना घ्यायचा. पहिल्या दिवशी दोन भाकरी झाल्या. दोन्ही फुगल्या नाहीत. तुम्ही गॅसला शिव्या दिल्यात.

लगेच सगळं बरं झालं असं नाही. पहिले पंधरा दिवस मळमळीनं तुम्ही बेजार. एका सकाळी गोळी मोरीत टाकलेली मला सापडली. मी ओरडले नाही. फक्त विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "ह्या गोळीनं मी येडी हाय असं वाटतंय." मी म्हणाले, मग पंपानं काय वाटतं? तुम्ही विचार केलात. "पंपानं मी म्हातारी हाय असं वाटतंय." आणि तुम्हाला बारीकसं हसू आलं. हसण्यानंही दम लागला, पण गोळी तुम्ही घेतलीत.

नक्की कधी फरक पडला ते कुणी विचारलं तर मी एक दिवस सांगू शकते. जेवायला बसलो होतो. तुम्ही वरणाचा एक घास घेतलात आणि ताट सरकवलंत. "शैले, हे वरण हाय का विहिरीचं पाणी? कोण शिकवलं गं तुला?" पाच-सहा महिन्यांत तुम्ही कशाला नाव ठेवलं नव्हतं. दादा घास हातात धरून थांबले. त्या दिवशी शाळेत जाताना मी एसटीत एकटीच हसत होते.

दीड महिन्यानं आपण पुन्हा नांदेडला गेलो. तिथं बाकावर कोण बसलं होतं? रेखाची सासू, मुखेडची. तिनं आपल्याला बघितलं आणि पदर असा पुढं ओढला की नाकाचं टोकसुद्धा दिसेना. मग आता लपण्यात अर्थ नाही असं दिसल्यावर म्हणाली, "मी... दातासाठी आले व्हते. हितंच बाजूला हाय ना दाताचा." भिंतीवर मोठ्या अक्षरात मानसोपचार लिहिलेलं होतं. तुम्ही तिच्या शेजारी बसलात, एक श्वास पुरा घेतलात आणि म्हणालात, "बरं झालं भेटलाव विहीणबाई. माझं मन बिघडलंय. तुमचा दात काय म्हणतोय?" ती बाई आधी लाजली, मग हसली आणि मग तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून जी रडायला लागली, ती तिचा नंबर लागेपर्यंत. रेखा आज सासरी सुखानं आहे, त्यात त्या बाकाचा वाटा आहे असं मला वाटतं.

आणि किसनतात्या. शेजारचे, जन्मभर बिडी ओढलेले, तुमच्यासारखेच धापणारे. ते येऊन तुमची टिंगल करायचे, "काय थोरल्या वहिनी, पिचकारी मारली का आज?" तुम्ही त्यांना पंप नीट कसा घ्यायचा ते शिकवलंत. ते हवा बाहेर न सोडताच फवारा मारायचे, सगळं औषध जिभेवर. ते शिकवून झाल्यावर तुम्ही अगदी सहज विचारलंत, मी भाजी निवडत बसले होते, "तात्या, जगावं वाटतंय का?" तात्यांनी उपरणं तोंडाला लावलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलानं त्यांना लातूरला नेलं. नंतर वस्तीवरची, तांड्यावरची दमेकरी माणसं आपल्या ओसरीत येऊन बसायला लागली. तुम्ही प्रत्येकाला दोन्ही विचारायचात, पंपाचंही आणि मनाचंही. मी म्हणायचे, आक्का, असं एकदम विचारत नसतात. तुम्ही म्हणायचात, "एकदमच इचारायचं. हळूहळू इचारलं तर माणूस लपवतंय."

आपलं एक भांडण मात्र मिटलं नाही. तुम्ही बऱ्या झालात त्या गोळीनं, असं माझं म्हणणं. भाकरीनं, असं तुमचं.

"तू मला भाकरीपाशी बसू दिलीस, तेनं झालं. गोळीचं काय न्हाई."

"गोळी चालू होती म्हणून बसावंसं वाटलं, आक्का."

संक्रांतीला तुम्ही मला न सांगता गोळी बंद केलीत. दोन महिन्यांत वेणी पुन्हा विस्कटली, रेखाचा फोन पुन्हा वाजत राहिला. यावेळी मला ओळखता आलं. मी खाटेवर बसले आणि विचारलं आणि तुम्ही हाव म्हणालात. गोळी पुन्हा सुरू झाली, तुम्ही पुन्हा उठलात. मला वाटलं, आता तरी मी जिंकले. तुम्ही म्हणालात, "तवा तू पंधरा दिस ट्रेनिंगला गेली व्हतीस. तुझ्या माघारी कुणी मला भाकरीला बसूच दिलं न्हाई. तेनं झालं ते." नांदेडच्या डॉक्टरांसमोर आपण दोघींनी आपापली बाजू मांडली. ते म्हणाले, दोन्हीनं. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "डॉक्टर हाय, तुझ्याच बाजूनं बोलणार." या दिवाळीत लाडू वळतानासुद्धा आपण त्यावरूनच बोलत होतो. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते. कधी कधी तुमची बाजू बरोबर वाटते.

मग या हिवाळ्यात तो ताप आला. पहिल्या वेळी तुम्हाला जीपमध्ये अक्षरशः उचलून घातलं होतं आणि तुम्ही म्हणत होता, नेऊ नका, राहू द्या. यावेळी तुम्हीच उशी काखेत घेऊन दारात उभ्या. "चल लवकर. पंप घे, कागदं घे. तुझ्या दादांना म्हणावं जीप काढा." वाटेत प्रत्येक खड्ड्याला तुम्ही माझा हात दाबत होता आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडत होता, अगदी शिकवल्यासारखा. भीती वाटते का, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "हाव, वाटायली." तुम्हाला मरणाची भीती वाटत होती, आक्का. तीन वर्षांपूर्वी वाटत नव्हती.

हेच मला खातं. तेव्हा गेला असतात तर तुम्ही भिंतीकडं तोंड करून, कशाचीच ओढ न ठेवता गेला असतात. मी, लातूरच्या डॉक्टरीणबाई, नांदेडचे डॉक्टर, आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हाला पुन्हा जगण्याची ओढ लावली. फुप्फुसं काही नवी मिळणार नव्हती, हे आम्हाला माहीत होतं. मग शेवटी ही भीतीही आम्हीच दिली का? डॉक्टरीणबाईंना मी हे विचारलं. दवाखान्याच्या जिन्यात उभ्या उभ्या त्या म्हणाल्या, "मलाही याचं उत्तर नेहमी सापडत नाही. पण ही तीन वर्षं त्यांची होती ना?" 

तुमची होती. रेखाचं बाळंतपण तुम्ही खुर्चीत बसून निभावलंत. दादांनी गॅसवरची भाकर खाल्ली आणि चांगली झाली म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही मला माझ्याच स्वयंपाकाबद्दल तीन वर्षं शिव्या दिल्यात. आणि तरीही मी तुम्हाला ते सांगितलं नाही, जे सांगायचं होतं. की चोवीस वर्षं माझ्या साडीला धुराचा वास आला नाही, कारण तुमच्या साडीला आला. माझा पगार, माझी पोरं, माझी धडधाकट छाती, सगळं तुमच्या "भाकरीचं मी बघते" या एका वाक्यावर उभं आहे. दवाखान्यात सहा दिवस मी तुमच्या उशाशी होते. ओठांवर आलं होतं. पण असं काही बोललं की तुम्हाला वाटेल, ही निरोप घ्यायली. म्हणून गिळलं.

शेवटच्या दुपारी ऊन खिडकीतून तुमच्या पायांवर आलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिच्या सुनेनं उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. वास सगळ्या वॉर्डात पसरला. तुम्ही तोंडावरचा मास्क बोटानं थोडा खाली केलात.

"आपल्या रानातल्या... भरल्या का गं?"

"भरल्यात. वाकल्यात झाडं."

"उद्या आण. मीठ घालून. लई शिजवू नको... तुझं ध्यान नसतंय."

"घरी गेल्यावर खाऊ की, आक्का. चार दिवसांत सोडतील."

"न्हाई. उद्याच. मला आत्ताच खावं वाटायलंय."

नर्सनं येऊन मास्क वर केला. मी दादांना तुमच्याजवळ बसवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गावी आले. सकाळी उजाडताच रानात जाऊन शेंगा तोडल्या. पातेलं गॅसवर ठेवलं, मीठ घातलं, पाण्याला उकळी आली आणि फोन वाजला.

आक्का, मी गॅस बंद केला नाही. तिथंच उभी राहून त्या शिजेपर्यंत थांबले. बेताच्याच शिजवल्या. पाणी काढलं, डब्यात भरल्या आणि डबा घेऊनच लातूरला आले. दवाखान्याच्या दारात दादा उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग डब्याकडं. डबा अजून कोमट होता.

"हे कशाला आणलंस आता?"

"आक्कांना हव्या होत्या," मी म्हणाले.